टिंबांमागचा ‘नका’

आमचं सत्र दुपारी होतं, आणि आम्ही जे दाखवणार होतो ते सकाळीच दुसऱ्या कोणीतरी जाहीर करून टाकलं.

मी स्क्रीन डिझाइन करते. मोबाईलवर दवाखान्याचं किंवा पतपेढीचं ॲप उघडलं की कुठलं बटण कुठे दिसेल, त्यावर काय लिहिलेलं असेल, अक्षर केवढं असेल, हे ठरवायचं काम. नवरा मुंबईला आणि मुलगी कॉलेजला गेली की विरार पश्चिमेच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर माझं ऑफिस सुरू होतं. लग्न होऊन चिपळूणकडून इथे आले तेव्हा मी स्टेशनजवळच्या एका डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फ्लेक्स करायचे. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ किती वेळा जुळवलं असेल त्याला गणती नाही. कागदावरून स्क्रीनवर आले ती हळूहळू, व्हिडिओ बघत आणि चुकत.

कामातली माझी जोडीदार वसईजवळच्या सांडोरची. ती प्रोग्रामर. मुंबईच्या एका मोठ्या कंपनीत नोकरीला होती. आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा नोकरी सोडून घरी आली आणि घरूनच कामं घ्यायला लागली. आमची ओळख एका पतपेढीच्या वेबसाइटमुळे झाली. कित्येक दिवस फोनवरच बोलत होतो, आणि मग कळलं की दोघी वसई तालुक्यातच राहतो. मी तिला ताई म्हणते. ती मला ‘बाय’ म्हणते. आईशी मात्र ती घरच्या बोलीत बोलते, आणि त्या दोघी जोरात बोलायला लागल्या की मला निम्मंच कळतं. तिच्या घराच्या मागच्या खिडकीतून केळी दिसतात. त्या खिडकीशी बसून आम्ही जे सॉफ्टवेअर लिहिलं, त्याची ही गोष्ट.

सुरुवात अर्नाळ्याला झाली. तिथल्या मच्छीमारांच्या एका मंडळाने आम्हाला छोटं ॲप करायला सांगितलं होतं. बाजारभाव, डिझेलची माहिती आणि हवामानाचा इशारा, एवढंच. आम्ही ते केलं, आणि लोकांच्या हातात देण्याआधी एकदा दाखवून यावं म्हणून गेलो. वाळत घातलेल्या बोंबलांच्या कडेला एका मावशींच्या दारात बसलो. त्यांच्या घरची बोट होती. नवरा आणि दीर समुद्रावर जायचे. मावशींना डोळ्यांचा त्रास, म्हणून मुलाने फोनवरचं अक्षर मोठं करून दिलेलं. ताईने नमुन्यादाखल वादळाचा इशारा पाठवला. मावशींनी फोन लांब धरून वाचला.

“समुद्रात जाऊ,” त्या म्हणाल्या. “आनि पुढं टिंबं हायत.”

मी विचारलं, “म्हणजे काय करायचं असं तुम्हाला वाटतं?”

“काय म्हंजे? जायाचं. पानी चांगलं आसंल.”

आम्ही लिहिलं होतं, ‘समुद्रात जाऊ नका’. अक्षर मोठं केल्यावर ओळ चौकटीत मावेना, तेव्हा फोनने आपल्या पद्धतीने शेपूट कापलं आणि तीन टिंबं लावली. कापलं गेलं ते नेमकं ‘नका’. ताईने माझ्याकडे बघितलं. मी मावशींच्या हातातला फोन घेऊन पुन्हा बघितला, जणू काही माझ्या हातात तो वेगळं काही दाखवणार होता.

परत सांडोरला पोचल्यावर ताईने चहा ठेवला आणि म्हणाली, हे आपल्या एकाच ॲपमध्ये होत असेल असं मला वाटत नाही. त्या आठवड्यात आम्ही दोघींनी आपापल्या फोनवरचं अक्षर मोठं केलं आणि जे जे मराठी ॲप सापडेल ते उघडून बघितलं. ‘हे औषध उपाशीपोटी घेऊ…’, ‘पासवर्ड कोणालाही सांगू…’, ‘लिफ्ट वापरू…’. कारण साधं होतं. जवळपास सगळे पडदे, म्हणजे स्क्रीन, आधी इंग्रजीत रचले जातात. इंग्रजीत मनाई आधी येते, काम नंतर. शेपूट कापलं तरी ‘करू नका’ एवढं तरी वाचणाऱ्याला मिळतं. आपण आधी सगळं काम सांगतो आणि ते करू नका हे सर्वांत शेवटी म्हणतो.

आमच्या ॲपमधला इशारा आम्ही अर्नाळ्याहून आलो त्याच दिवशी दोन ओळींचा केला. पण मग तेवढ्यावर थांबवेना. डिझाइन करणाऱ्याला त्याच्या कामाच्या पडद्यावरच हे सगळं आधी दिसलं पाहिजे, असं आम्हाला वाटायला लागलं. म्हणून आम्ही एक प्लगिन लिहायला घेतलं. म्हणजे आम्ही डिझाइनसाठी जे मोठं सॉफ्टवेअर वापरतो, त्याला जोडायचं छोटंसं सॉफ्टवेअर. इंग्रजी पडदा द्यायचा. ते त्यात मराठी मजकूर भरून, अक्षर मोठं करून दाखवणार. कुठे वेलांटी वरच्या कडेला कापली जाते, कुठे जोडाक्षर फुटतं, कुठे बटण फाटतं, कुठे टिंबं येतात. पोटापाण्याची कामं सांभाळून आम्ही ते करत राहिलो. दोन गणपती त्यात गेले. मधे ताईची आई पुन्हा पडली, मधे माझ्या मुलीची दहावी आली. तरी दर आठवड्याला थोडं थोडं पुढे सरकत होतं.

मग मुंबईत डिझायनर आणि डेव्हलपर लोकांची एक मोठी परिषद भरणार असल्याचं कळलं. दरवर्षी तिथे मोठ्या कंपन्या आपली नवी सॉफ्टवेअर जाहीर करतात, आणि दुपारी लहान लोकांनाही थोडा वेळ देतात. आम्ही अर्ज केला. निवड झाली. कार्यक्रमपत्रिकेत आमची नावं छापून आली तेव्हा माझ्या नवऱ्याने त्याचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. चिपळूणहून माझ्या काकांचा फोन आला की नेमकं काय आहे ते कळलं नाही, पण अभिनंदन.

मी भाषण इंग्रजीत लिहून पाठ केलं होतं. बोलताना अडखळू नये म्हणून भांडी घासताना, कपडे वाळत घालताना म्हणायचे. मुलगी उच्चार सुधारायची.

परिषदेच्या दिवशी ताईच्या लहान गाडीतून हायवेने गेलो. पवईच्या बाजूला एका मोठ्या हॉटेलात होतं सगळं. सभागृह थंडगार, मंचामागे भिंतभर पडदा. सकाळच्या मुख्य भाषणाला ज्या कंपनीचं सॉफ्टवेअर आम्ही रोज वापरतो, तिचेच लोक होते. एकामागून एक घोषणा चालल्या होत्या. काय हवं ते वाक्यात लिहा, पडदा तयार होईल. रंग सांगा, बदलून मिळतील. लोक टाळ्या वाजवत होते, मीही वाजवत होते, कारण त्यातल्या काही गोष्टी खरोखरच माझं काम हलकं करणाऱ्या होत्या.

आणि मग बोलणारा माणूस म्हणाला की आता कुठलाही पडदा एका क्लिकमध्ये भारतीय भाषांत बघता येईल. भिंतीवर इंग्रजी पडदा आला, क्षणात हिंदी झाला, मग तमिळ, मग मराठी. अक्षर मोठं झालं. बटणं आपोआप रुंदावली. वेलांट्या, रफार, सगळं जागच्या जागी. खाली लिहिलं होतं की हे आजपासूनच सगळ्यांना मिळेल, वेगळं काही घ्यावं लागणार नाही.

सभागृहात मोठी टाळी पडली. माझे हात मांडीवर तसेच राहिले. ताईने चष्मा काढून ओढणीने पुसला आणि परत घातला.

मधल्या सुटीत आम्ही बाहेर आलो. लोक कॉफीच्या रांगेत त्याच घोषणेबद्दल बोलत होते. आम्ही दाराबाहेरच्या झाडांच्या कुंड्यांपाशी उभ्या राहिलो. मी ताईला म्हटलं की आपण आयोजकांना सांगू आणि घरी जाऊ. लोकांनी सकाळी जे चकचकीत बघितलं, तेच दुपारी आपल्या साध्या पडद्यावर पुन्हा कशाला बघायचं? मला रडू येत नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे एकच दिसत होतं, नवऱ्याने सगळ्यांना पाठवलेला तो फोटो.

ताई म्हणाली, “जाऊ. पण आधी ते नीट वापरून बघू. दोन वर्षं ज्याच्या मागे घालवली, ते दुसऱ्याने कसं केलंय ते न बघता मी घरी जाणार नाही, बाय.”

म्हणून आम्ही त्या कंपनीच्या स्टॉलवर गेलो. तिथे हे काम करणाऱ्यांपैकीच एक इंजिनिअर बाई उभ्या होत्या. हैदराबादच्या, साधारण ताईच्याच वयाच्या. आम्ही कोण, काय करतो ते सांगितलं. दुपारचं सत्र आमचं आहे हेही सांगितलं. त्या जरा ओशाळल्या. म्हणाल्या, तुमचं काम आम्हाला माहीत नव्हतं. मी म्हटलं, माहीत असायचं काही कारणच नव्हतं. त्यांनी स्वतःची खुर्ची ताईला दिली.

आम्ही आमचे तपासायचे सगळे पडदे त्यात घालून बघितले. ताई बारकाईने बघत होती, आणि मी तिचा चेहरा बघत होते. चांगलं होतं. आमच्यापेक्षा वेगवान होतं. जिथे आमचं प्लगिन अजून चाचपडायचं, तिथेही ते अडत नव्हतं. ‘ळ्या’ आणि ‘र्‍या’ यांनी आम्हाला महिनाभर छळलं होतं. ते त्यांनी सहज सोडवलं होतं. ताईने दोनदा “बरोबर केलंय” असं म्हटलं, आणि ते ती मनापासून म्हणत होती.

शेवटी मी ‘समुद्रात जाऊ नका’ घातलं आणि अक्षर पार मोठं केलं. चौकट रुंदावण्याइतकी जागा नव्हती. त्यांच्या सॉफ्टवेअरनेही तेच केलं. ‘समुद्रात जाऊ…’ आणि वर हिरवी खूण, म्हणजे सगळं ठीक आहे.

इंजिनिअर बाईंना देवनागरी वाचता येत नव्हती. त्यांनी विचारलं की यात चूक काय आहे, अक्षर तर कुठे तुटलेलं नाही. ताईने समजावून सांगितलं: कापलं गेलेलं काय होतं आणि उरलंय त्याचा अर्थ काय. मी अर्नाळ्याच्या मावशी काय म्हणाल्या ते सांगितलं. त्या बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या की आमच्या तेलुगूतही ‘नको’ शेवटीच येतं; हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण आमच्या टीममधल्या कोणाच्याच लक्षात आलं नाही. त्यांनी ते फोनवर टिपून घेतलं. मात्र कधी सुधारेल याचं वचन देऊ शकत नाही, असंही स्पष्ट सांगितलं. मला त्यांचा तो स्पष्टपणा आवडला.

स्टॉलवरून निघालो तेव्हा घरी जायचा विषय कोणीच काढला नाही.

जेवणाच्या वेळेत आम्ही एका कोपऱ्यात ताटल्या बाजूला ठेवून बसलो. ताईने आमच्या सादरीकरणातले बहुतेक सगळे पडदे काढून टाकले. मी पाठ केलेलं भाषण सोडून दिलं. काय बोलायचं ते आम्ही एकमेकींना सांगून बघितलं, आणि मी म्हटलं की इंग्रजीत नाही बोलणार, हिंदीतच बोलते. मधे जे शब्द येतील ते येतील. ताई म्हणाली, मराठीत बोललीस तरी चालेल, मी हिंदी करून सांगेन. मी म्हटलं, तुझं हिंदी ऐकण्यापेक्षा इंग्रजी परवडलं. सकाळपासून पहिल्यांदाच आम्ही हसलो.

आमचं सत्र बाजूच्या लहान हॉलमध्ये होतं. अर्ध्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या होत्या. मागच्या रांगेत त्या हैदराबादच्या इंजिनिअर बाई येऊन बसलेल्या दिसल्या. माझा आवाज सुरुवातीला माझाच मला लांबून आल्यासारखा वाटत होता.

“आज आम्ही जे दाखवणार होतो,” मी म्हटलं, “त्यातलं बरंचसं तुम्ही सकाळीच बघितलंत. आम्ही ते आत्ता वापरून आलो. आमच्यापेक्षा चांगलं आहे. ते वापरा. आता जे उरलं, तेवढंच सांगते.”

मग मी अर्नाळ्याचं सांगितलं. पडद्यावर आधी इंग्रजी इशारा दाखवला, कापलेला. त्यातली मनाई शाबूत होती. मग मराठी. वाचता येणाऱ्यांपैकी काहीजण खुर्चीत सरसावून बसले. ज्यांना येत नव्हतं, त्यांच्यासाठी ताईने एकेक शब्द वेगळ्या रंगात दाखवला आणि कुठल्या शब्दाचा काय अर्थ ते सांगितलं.

एका माणसाने प्रश्न विचारला. तो म्हणाला, हा सॉफ्टवेअरचा दोष कसा? लिहिणाऱ्याने लहान वाक्य लिहावं. ‘धोका’ एवढंच लिहा, कधीच कापलं जाणार नाही. ताईने उत्तर दिलं की तेही आम्ही करून बघितलं होतं. पण अर्नाळ्यातल्या बायकांनी विचारलं, धोका कसला, कोणाला आणि आता करायचं काय? तो माणूस म्हणाला, मग ‘मनाई’ हा शब्द आधी घ्या, बाकीचं नंतर. ते आम्हाला सुचलं नव्हतं. ताई म्हणाली, हे चांगलं आहे, हे आम्ही त्यात घालतो. आणि तिने तिथेच लिहून घेतलं.

दुसऱ्या एकीने विचारलं की आता तुमच्या प्लगिनचं काय करणार. हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं, पण उत्तर मी ठरवलेलं नव्हतं. मी ताईकडे बघितलं. ती म्हणाली, “जे त्यांनी केलंय ते आमच्यातून काढून टाकणार. जे त्यांनी केलेलं नाही ते करत राहणार.”

सत्र संपल्यावर काही लोक पुढे आले. एका गुजराती मुलीने सांगितलं की आमच्यात ‘जाऊ नका’ला ‘जशो नहीं’ म्हणतात, त्यामुळे कापलं तर आमचंही तेच. एका कन्नड माणसाने आपलं वाक्य लिहून दाखवलं; त्यात मनाई क्रियापदालाच मागून चिकटलेली होती. तो म्हणाला, आमचा शब्दच मधून अर्धा कापला जाईल, म्हणजे तुमच्याहून वाईट. पुढच्या सत्राचे लोक येऊन उभे राहिले तरी आम्ही दारात बोलतच होतो.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, कसं झालं. मी सगळं सांगितलं. त्याने विचारलं की मग ज्यांना तो फोटो पाठवला त्यांना काय सांगायचं. मी म्हटलं, सांग, बोलून आली. तेवढंच खरं आहे आणि ते पुरेसं आहे.

त्याच आठवड्यात मी सांडोरला गेले आणि ताईने काढून टाकायला सुरुवात केली. मी शेजारी बसले होते. वेलांट्यांची तपासणी गेली. जोडाक्षरं गेली. बटणांची मोजमापं गेली. प्रत्येक वेळी ती क्षणभर थांबायची आणि मग बोट दाबायची. दुपारी तिच्या आईने काठी टेकत येऊन जेवायला बोलावलं आणि आमचे चेहरे बघून घरच्या बोलीत काहीतरी विचारलं. ताईने उत्तर दिलं. म्हातारी माझ्याकडे वळून, मला कळावं म्हणून सावकाश म्हणाली, “केळीचा घड काढला की झाड कापतातच. बाजूला पिल्लं असतात.” आणि आम्हाला वाढायला निघून गेली. ताई म्हणाली, ही सगळ्यालाच असं म्हणते, मी नोकरी सोडली तेव्हाही हेच म्हणाली होती.

जे उरलं ते फार लहान होतं. मजकूर कुठेही कापला जाणार असेल तर कापल्यावर अर्थ उलटा होतो का, एवढंच ते बघतं. होत असेल तर लाल खूण दाखवतं आणि मनाई आधी आणून वाक्य कसं लिहिता येईल ते सुचवतं. पण ते नीट करायला आम्हाला आधीच्या सगळ्याहून जास्त डोकं लावावं लागलं. कारण अर्थ उलटा होतो तो फक्त ‘नका’मुळे नाही. ‘फी परत मिळणार नाही’ आहे. ‘गोळ्या थांबवू शकता, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही’ आहे. ‘पाणी प्या, पण उकळलं असेल तरच’ आहे. बाजारात, बँकेत, मुलीच्या कॉलेजच्या नोटिशीत, मी कुठलंही वाक्य वाचलं की मनात शेवटून एकेक शब्द काढून बघायला लागले. मुलगी म्हणायची, आई, रस्त्यात थांबू नकोस.

गुजराती आणि कन्नड आम्ही त्या दोघांच्या मदतीने घातलं. आम्ही ते सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. फार लोक वापरतात असं नाही. जे वापरतात ते मात्र लिहून कळवतात की इथे चुकलं, तिथे अडलं. पुढे त्या मोठ्या कंपनीची नवी आवृत्ती आली तेव्हा बदलांच्या लांबलचक मजकुरात एक ओळ होती, की वाक्याचा शेवट कापला जात असेल तर आता हिरवी खूण दिसणार नाही. आमचं नाव त्यात नव्हतं. हैदराबादहून मात्र त्या बाईंचा निरोप आला: एवढंच करू शकले, अर्थ तपासायचं काम अजून तुमच्याकडेच आहे. ताईने तो मला वाचून दाखवला आणि कामाला लागली.

आम्ही यंदा त्या परिषदेला पुन्हा अर्ज केला आहे. उत्तर आलेलं नाही. या वेळी विषय वेगळा आहे: ज्यांना वाचताच येत नाही त्यांना फोनने हेच सगळं बोलून सांगायचं झालं, तर वाक्य कुठून सुरू करायचं? त्यात आम्हाला अजून फारसं काही जमलेलं नाही. ऐकणारं माणूस मधेच फोन कानापासून काढतं, शेवटचं ‘नका’ ऐकायचं राहतं, आणि मग पुन्हा तोच प्रश्न.

येत्या बुधवारी आमच्याच तालुक्यातल्या कळंबला जायचं आहे. तिथे किनाऱ्याजवळ पर्यटकांसाठी खोल्या भाड्याने देणाऱ्या एक बाई आहेत. त्यांना वाचता येत नाही आणि त्या सगळे व्यवहार फोनवर बोलूनच करतात. आमच्याबरोबर बसायला त्या तयार झाल्या आहेत. दुपारी गिऱ्हाईक असतं, म्हणाल्या, सकाळी लवकर या, आणि आलात तर जेवूनच जा. ताईने गाडीच्या चाकांत हवा भरून ठेवली आहे.